पथ्यावर पडलेले अंजीर

९ मार्च

ही वही धाकटीने दिली. धाकटी म्हणजे माझी बहीण. "ताई, रोज ऊन कसं होतं, अंजीर किती टाकले, किती वाळले, सगळं लिहीत जा. धंदा म्हटला की नोंदी आल्याच."

नोंद : ऊन कडक. तीन जाळ्या अंजीर गच्चीवर टाकले. गांधीलमाश्या पत्ता विचारत आल्यासारख्या नेमक्या तिथेच आल्या.

झाली नोंद. आता मनातलं लिहिते, कारण या घरात ऐकायला कुणी नाही. एक आहेत, पण त्यांच्या तोंडात खिळे असतात.

ही थट्टा नव्हे. हे सोफ्यांना आणि खुर्च्यांना नवं कापड चढवतात. एका हाताने कापड ताणायचं, दुसऱ्या हातात हातोडी, मग खिळे ठेवायचे कुठे? तोंडात. जिभेने एकेक खिळा ओठांशी आणतात, काढतात, ठोकतात. लग्न झाल्यापासून बघते आहे. काहीही विचारा, उत्तर "हं". दुकान घराच्या खालीच आहे. जिना उतरून विचारायला जावं, तरी "हं"च. संध्याकाळी खिळे डब्यात परत जातात, पण सवय काही जात नाही.

माझं सगळं उलट. मी अख्खी नोकरी बसस्थानकावर चौकशीच्या खिडकीत बसून केली. माणूस खिडकीशी पोचायच्या आत मला कळायचं, ह्याला काय विचारायचंय. निवृत्त झाले आणि लगेच आई अंथरुणाला खिळली. ती गेली त्यानंतर वर्षभर मी नुसती भिंतीकडे बघत बसले होते. धाकटीच्या परसात अंजिराची दोन झाडं आहेत. दरवर्षी निम्मी फळं पाखरं खातात. ती म्हणाली, वाळवू आणि विकू. मी ह्यांना विचारलं. "हं" म्हणाले. पण मग काल गच्चीवर आले आणि म्हणाले, "उन्हात बरी दिसतेस तू." आमच्याकडे याला भाषण म्हणतात.

१२ मार्च

फळं धुवायची, उकळत्या पाण्यात बुडवून काढायची, पुसायची, बोटाने दाबून चपटी करायची, जाळीवर टाकायची, वरून पातळ कापड. रोज उलटायची. सूर्य कलला की खाली आणायची, नाहीतर दव पडून सगळं मुसळ केरात. एकेक अंजीर एकेक पोर सांभाळावं तसं सांभाळायचं, आणि धाकटी येऊन काय विचारते? "झाले का गं?"

पाकिटाबरोबर द्यायला पत्रक लिहायचंय. धाकटीने कच्चं लिहून आणलं : अंजीर खाल्ल्याने टकलावर केस येतात, स्मरणशक्ती दुप्पट होते, रक्त शुद्ध होतं, नजर तीक्ष्ण होते. मी म्हटलं, मेलेला माणूस उठून बसतो तेवढं राहिलं. खिडकीत बसून मी आयुष्यात कुणाला चुकीची गाडी सांगितली नाही. पत्रकातही सांगणार नाही.

वाचनालयात जाऊन आहाराची पुस्तकं काढली. खरं तेवढंच घेतलं. सुक्या अंजिरात चोथा भरपूर, पोट साफ राहतं. वजनाला वजन धरलं तर कॅल्शियम दुधापेक्षा जास्त, हाडांना चांगलं. थोडं लोह. मॅग्नेशियम. आणि पोटॅशियम तर केळ्याहूनही जास्त. साखरही बरीच असते, म्हणून मधुमेहींनी बेताने खावं, तेही लिहिलं. धाकटीचं तोंड एवढंसं झालं. "ताई, विकायचंय की घाबरवायचंय?"

१५ मार्च

ह्यांना पत्रक वाचायला दिलं. ह्यांचं बोट एका ओळीवर थांबलं.

"पोटॅशियम किती असतं?"

"भरपूर!" मी मोठ्या कौतुकाने म्हटलं. "केळ्यापेक्षा जास्त. घ्या, पहिला मान तुमचा."

हातात अंजीर ठेवला. ह्यांनी तो उलटसुलट करून बघितला, जसा काही कुणी फाटका सोफा आणून दिलाय. मग परत ठेवला. "मला नाही सोसत."

कधीपासून? लग्न झाल्यावर पहिल्या प्रवासात ह्याच माणसाने पिशवीभर अंजीर एकट्याने फस्त केले होते. मला दोन मिळाले होते, तेही चेपलेले.

आणि हे एक अंजिराचंच नाही. गेले कित्येक महिने ताटावर नुसते नखरे. केळं बंद. टोमॅटो बंद. बटाटे आधी उकडून ते पाणी फेकून द्यायचं आणि मग भाजी करायची, म्हणे वातूळ असतात. मीठ निम्म्यावर. माझ्या मिठाला जागायचं सोडून ह्यांनी मीठच सोडलं! मी भाजी करते आणि हे पाणी काढून टाकायला सांगतात. चवच जाते, मग कमी जेवतात. धाकटीला सांगितलं तर ती हसली. "तू घरी बसलीस ते भावोजींच्या पथ्यावर पडलंय. हवं तसं शिजवून मिळतंय, मग करणारच की लाड."

१८ मार्च

आज एक गंमत. दुकानात चहा घेऊन गेले तर ह्यांनी खिळ्यांच्या डब्यातून काहीतरी काढून तोंडात टाकलं आणि वर घोटभर पाणी प्यायले. मी ओरडले, "अहो, खिळे गिळता की काय!" दचकले. मग हसले आणि डबा फळीवर पार मागे सरकवून ठेवला. या वयात माणसं काय काय करायला लागतात.

चपला घट्ट होतात म्हणून एक माप मोठ्या आणल्या. पायावर पट्ट्यांचे वळ उठलेले दिसले. मी म्हटलं, दिवसभर बैठ्या कामाने सुजतात, जरा चाला. "चालतो की," म्हणाले. दर गुरुवारी कापड बघायला बाजारात जातात, तेच ह्यांचं चालणं. परत येतात ते कापडाशिवाय. गेल्या गुरुवारी हातावर काळानिळा डाग होता. म्हणे सुई लागली. सोफ्याची सुई कोपराच्या आतल्या बाजूला कशी लागते, ते मला कुणी करून दाखवावं.

२१ मार्च

डोकं तापलंय.

समोरच्या औषधवाल्याच्या दुकानात आमची पाकिटं ठेवायची ठरली होती. आईच्या वेळेपासूनची ओळख, पोरगेला माणूस, मला काकू म्हणतो. पत्रक दिलं. त्याने वाचलं, पुन्हा वाचलं, आणि चष्मा काढून पुसत बसला.

"काकू, एक ओळ घालाल का? किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये."

"का?"

"पोटॅशियम. निरोगी माणसाला चांगलंच. पण किडनी कमी चालत असेल तर ते शरीराबाहेर पडत नाही. रक्तात साठतं. हृदयाला बाधतं."

मी म्हटलं, बाबा रे, मधुमेहींचं लिहिलं, आता किडनी. उद्या म्हणशील दातदुखी असेल तर खाऊ नये. पाकिटावर जागा किती, माणसं किती! अशी किती माणसं येणार आहेत तुझ्या दुकानात?

"येतात, काकू," तो म्हणाला. मग जरा थांबून, "काकांनी वाचलं का हे पत्रक?"

"वाचलं."

"काय म्हणाले?"

"हं म्हणाले! दुसरं काय म्हणणार?"

तो उगाच खोकला. पाकिटं ठेवून घेतली, पण गल्ल्याजवळ नाही, मागे साबणांच्या फळीवर. माझ्या अंजिरांना आता साबणाचा वास येणार. ओळ मी घातली नाही. धाकटीही म्हणाली, घालू नकोस.

२५ मार्च

आनंदाची बातमी. हे अंजीर खायला लागले!

मी काहीच बोलले नाही. रोज सकाळी चार अंजीर पाण्यात भिजवून वाटीत घालून खाली दुकानात ठेवून येते. दुपारी वाटी रिकामी. माणसाला सांगून काही होत नाही, समोर ठेवावं लागतं. मी किती दिवस ह्यांच्या मागे लागून घसा कोरडा केला.

हाताला मात्र सारखी खाज सुटते म्हणतात. तेल लावून दिलं. अंजिराने त्वचाही सुधारेल बहुतेक, पण पुस्तकात नाही, म्हणून पत्रकात घालणार नाही.

३० मार्च

कपाळ माझं.

वकिलांची आरामखुर्ची ह्यांनी गेल्या आठवड्यात नवं हिरवं कापड चढवून दिली होती. आज वकिलीणबाई स्वतः आल्या. खुर्चीतून मुंग्या निघतात म्हणे! वकीलसाहेब दुपारचे डुलकी घेत होते, ते किंचाळत उठले. मुंग्यांची रांग हाताच्या टेकणीतून निघून थेट त्यांच्या बाहीत. हमालांनी खुर्ची परत आणून टाकली.

हे नेमके बाहेर. मीच कातरी घेतली आणि टेकणीचं कापड उसवलं. आत काथ्या. काथ्याच्या आत अंजीर. माझे अंजीर! ओले, भिजवलेले, चेंगरून सपाट झालेले, मुंग्यांनी भरलेले. दुसऱ्या टेकणीत आणखी. मग मी कोपऱ्यातल्या स्टुलाची गादी दाबून बघितली. त्यातही.

वकिलीणबाई म्हणाल्या, "ही नवीन पद्धत आहे का?"

हे आले तेव्हा सगळे अंजीर मी वर्तमानपत्रावर मांडून ठेवले होते. ह्यांनी एकदा कागदाकडे बघितलं, एकदा माझ्याकडे.

"टाकवेना," म्हणाले. "तू एवढ्या उन्हात वाळवलेस."

"मग खायचे!"

"सोसत नाहीत गं."

"काय होतं खाल्ल्यावर? पोट दुखतं? जळजळ होते? बोला ना! तोंडात आत्ता खिळेही नाहीत!"

"हं," म्हणाले. मी जिना धाडधाड चढून वर आले. ह्यांच्या पुढे मी हात टेकले. टाकवत नाही म्हणून वकिलाच्या खुर्चीत भरून ठेवतो, असा नवरा मलाच मिळायचा होता.

३ एप्रिल

सरळ बोटाने तूप निघत नाही तर मीही चौकशीच्या खिडकीतली आहे. अडून बसणारे प्रवासी मी पुष्कळ बघितलेत.

अंजीर रात्रभर भिजवले, मऊ वाटले, कणकेत आणि थोड्या लोण्यात मळून बिस्किटं भाजली. साखर नाही, मीठ नाही. रंग जरा तपकिरी, पण त्याला काय होतं. ह्यांनी एक खाल्लं. चावताना थांबले.

"दाताखाली काय येतंय?"

"खसखस," मी म्हटलं. पापणीही हलवली नाही.

"खसखस चालते," म्हणाले, आणि दुसरं घेतलं. मग तिसरं.

चालते म्हणे! जसा काही हा माणूस राजा आहे आणि मी दरबारात नजराणा घेऊन उभी आहे. पण खाल्ली. मला किती आनंद झाला म्हणून सांगू. ह्या घरात मी केलेलं काहीतरी कुणीतरी मागून घेऊन खाल्लं, त्याला किती महिने झाले असतील.

९ एप्रिल

बिस्किटांचा डबा खाली दुकानातच गेला. काम करता करता खातात. काल रिकामा डबा स्वतः वर आणून दिला आणि म्हणाले, "खसखशीची संपली." मी वाटण वाढवलं, आता निम्मी कणीक आणि निम्मे अंजीर. तेवढंच कॅल्शियम जाईल पोटात. हाडं ठिसूळ झाली असतील, म्हणून तर हल्ली जिना चढताना मध्येच उभे राहतात.

धाकटीला सांगितलं. ती खो खो हसली. "ताई, तू पत्रकात खोटं लिहू देत नाहीस आणि घरात खसखस!" मी म्हटलं, ते गिऱ्हाईक आहेत, हा नवरा आहे.

१५ एप्रिल

विक्री बरी. ऊन चांगलं.

हे मात्र दिवसभर आळसावलेले. वकिलांची खुर्ची अजून तशीच उघडी पडलीय. विचारलं तर म्हणाले, हातोडी जड वाटते. हातोडी! ज्या हातोडीने जन्म काढला ती आता जड झाली. मला वाटतं, खुर्चीच्या प्रकरणाची लाज वाटते, म्हणून टाळाटाळ चाललीय. ते भिजत घोंगडं किती दिवस ठेवणार? मी चांगलंच फैलावर घेतलं. मूग गिळून बसायचं ह्यांच्याकडून शिकावं.

मग वाईट वाटलं. अशक्तपणा असेल म्हणून संध्याकाळी चार बिस्किटं जास्त दिली.

१७ एप्रिल

हॉस्पिटलमध्ये आहे. वही पिशवीत होती. उद्या लिहीन.

१९ एप्रिल

धोका टळला असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

परवा दुपारी चहा घेऊन खाली गेले. हे जमिनीवर बसले होते, पाठ त्या हिरव्या खुर्चीला टेकलेली, हातोडी बाजूला पडलेली. मी आधी चिडलेच. "हे काय, झोपलात?" ह्यांनी मान हलवली. उठायचा प्रयत्न केला, पण पाय उचलेना. डोळे घाबरलेले. तोंडातून शब्द येईना, कारण तोंडात खिळे.

मी खाली बसले आणि एकेक खिळा बोटाने बाहेर काढला. ओले, गरम खिळे. किती होते कुणास ठाऊक. सगळे निघाले तेव्हा ह्यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "छातीत कसंतरी होतंय."

मी रस्त्यात जाऊन ओरडले. औषधवाला धावत आला. त्याने नाडी बघितली, गाडी बोलावली, आणि गाडीतल्या माणसाला घडाघडा सांगायला लागला : ही गोळी सकाळी, ही दोन वेळा, ही पूड पाण्यातून, क्रिएटिनिन इतकं, दर गुरुवारी शिरेतून इंजेक्शन, महिन्यातून एकदा रक्ततपासणी. मी बघतच राहिले. माझ्या नवऱ्याबद्दल हा बोलत होता आणि त्यातला एकही शब्द मला माहीत नव्हता.

तिथे यंत्रं लावली. सुई लावली, कोपराच्या आतल्या बाजूला. तिथे आधीची टोचल्याची खूण होती. ती मी अनेकदा बघितली होती.

डॉक्टरीणबाई ह्यांना ओळखत होत्या. म्हणजे चांगल्याच ओळखत होत्या. जरा स्थिर झाल्यावर म्हणाल्या, "काका, तुम्ही माझे सगळ्यांत शहाणे पेशंट. दीड वर्षात एकदा पथ्य मोडलं नाहीत. मग पोटॅशियम असं अचानक कसं चढलं? काय खाल्लं?"

हे हळू आवाजात म्हणाले, "काही नाही, डॉक्टर. बाहेरचं काहीच नाही. भाज्या पाणी काढून. फळ नाही. हिच्या हातचं, तेही निवडून. आणि खसखशीची बिस्किटं."

"खसखस? ती किती घातली होती?" त्या माझ्याकडे वळल्या.

सगळी नोकरी मी उत्तरं देण्यात घालवली. एवढं एक उत्तर तोंडातून निघेना.

"ती खसखस नाही," मी म्हटलं. "अंजीर आहेत. वाटून घातलेले. सुके."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. मला वाटलं आता हे तोंड फिरवतील. ह्यांनी माझ्याकडे बघितलं, बराच वेळ, आणि मग ह्यांच्या मिशीत हसू आलं.

"तरीच," म्हणाले. "दाताखाली यायची."

मी तिथेच रडायला लागले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नुसत्या अंजिरांनी हे झालं असं नाही, किडनी मुळातच खालावत चालली होती, पण त्यात भर पडली. बऱ्या माणसाला जे औषधासारखं, ते ह्यांना विषासारखं. त्यांच्या आवाजात राग नव्हता. मला तो हवा होता.

२० एप्रिल

आज हे बसले. चेहऱ्यावर रंग आला. मग मी विचारलं. खिडकीत बसून लोकांना विचारायचे तसं, सरळ.

"का सांगितलं नाहीत?"

"हं," म्हणाले.

"आज हं चालणार नाही."

मग खाली बघत म्हणाले, "आई गेल्यावर तू सगळ्या बाटल्या गोळा करून टाकून दिल्यास. खिडक्या उघडल्यास. आणि म्हणालीस, आता या घरात पुन्हा औषधाचा वास आला तर मी घर सोडून जाईन."

आठवलं. धाकटी तेव्हा हसली होती. हे नव्हते हसले. त्याच सुमाराला ह्यांचे रिपोर्ट आले होते.

"अहो, ती बोलण्याची पद्धत असते! माणूस दमला की बोलतो!"

"तू बोललीस की करतेस."

"म्हणून गोळ्या खिळ्यांच्या डब्यात?"

"तिथे तेलाचा वास असतो. त्यात लपतो."

संताप, संताप झाला. सगळा संसार झाला, ह्या माणसाने माझं एक वाक्य धड ऐकलं नाही. छत्री घेऊन जा म्हटलं, नाही ऐकलं. दाढी करा, नाही ऐकलं. आणि ऐकलं ते नेमकं हे! दीड वर्ष पोटात ठेवून बसले. कापड बघायला जातो सांगून सुया टोचून घेतल्या. मी भाजीचं पाणी फेकताना कटकट करत होते, आणि हे निमूट ऐकून घेत होते.

"आणि तुम्हाला वाटलं कसं की मी जाईन?"

"जाशील असं नाही वाटलं," म्हणाले. "पुन्हा भिंतीकडे बघत बसशील असं वाटलं. अंजीर सुरू झाले तेव्हा तू किती दिवसांनी गाणं गुणगुणलीस. मग कसं सांगणार, की हेच मला चालत नाही?"

मी पदराने नाक पुसत होते. मग म्हणाले, "बिस्किटांचं वाईट वाटतं. तुझ्या हातचं एवढं एकच होतं, जे मी न मोजता खात होतो."

नर्स आली आणि मला बाहेर बसायला सांगितलं. बरं झालं.

२८ एप्रिल

घरी आणलं. डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलं : गेलेली किडनी परत येत नाही. पुढे कधीतरी यंत्रावर रक्त साफ करायला लागेल. कधी, ते पथ्यावर. मी म्हटलं, पथ्य माझ्यावर सोडा. हे म्हणाले, "खसखस सोडून." डॉक्टरीणबाई हसल्या. मी नाही हसले. अजून नाही जमत.

जमिनीवर बसून मी ती हिरवी खुर्ची शिवून काढली. हे तोंडाने सांगत होते, मी खिळे ठोकत होते. चार खिळे वाकडे गेले. वकिलीणबाईंनी नेताना टेकण्या दाबून बघितल्या.

५ मे

धाकटीशी जोरदार भांडण. पत्रक पुन्हा छापायचंय आणि मी ती ओळ घातली. मागच्या बाजूला नाही, पुढे, सगळ्यांत वर, नावाच्याही आधी : "किडनीचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अंजीर खाऊ नये. आणि आपल्याला असा त्रास असेल तर घरच्यांना सांगावे."

"ताई, अंजिराचं पाकीट आहे की पोलिसांची नोटीस? आधी लोक पळून जातील, मग फायदे कोण वाचणार?"

"पळू देत."

"आणि हे घरच्यांना सांगावे काय आहे? हे कुठल्या पुस्तकात आहे?"

"माझ्या."

पाकिटं औषधवाल्याकडे दिली. त्याने ती ओळ वाचली. साबणांच्या फळीवरून जुनी पाकिटं काढली आणि नवी गल्ल्याजवळ मांडली. मी म्हटलं, "तुला सगळं माहीत होतं, आणि तू मला ओळ घाला म्हणत बसलास? सरळ सांगता येत नव्हतं?"

"काकांनी शपथ घातली होती, काकू."

"त्यांचं तोंड उघडत नाही, आणि तुझं त्यांनी बंद केलं!" मी त्यालाही सोडलं नाही. तेवढ्यात एका मुलीने पाकीट उचललं, ओळ वाचली, औषधवाल्याला हळूच काहीतरी विचारलं आणि पाकीट परत ठेवलं. "बाबांना नको मग," म्हणाली. ते एक पाकीट खपलं नाही. त्या पाकिटाने मला जेवढं बरं वाटलं तेवढं खपलेल्या सगळ्यांनी मिळून वाटलं नव्हतं.

घरी आले आणि दुकानातला खिळ्यांचा डबा वर आणला. हे "अगं, अगं" करत जिना चढत मागून आले, मध्ये दोनदा थांबून. डब्याच्या तळाशी अजूनही गोळ्या होत्या, पुड्या होत्या, खिळ्यांच्या तेलाने कागद काळे झालेले. मी त्या पुसून काढल्या आणि स्वयंपाकघरात, मिठाच्या बरणीशेजारी, सगळ्यांना दिसतील अशा मांडल्या. मिठाची बरणी मागे सरकवली.

"वास येईल," हे म्हणाले.

येतोच आहे. पूड पाण्यात कालवली की सगळ्या घरात येतो. आईच्या खोलीत यायचा तोच. मी खिडकी उघडायला गेले आणि न उघडता परत आले. ह्यांना म्हटलं, बसा, पाणी काढलेली भाजी गरम करते. हे बसले. मी गेले नाही कुठे.